बेळगावातल्या एका ‘स्मार्ट’ रस्त्याची मोजणी : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रस्ता बेळगावच्या दक्षिण भागातला आहे. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला भाजीबाजार, दुसऱ्या टोकाला शेजारी-शेजारी दोन शाळा, एक मराठी माध्यमाची आणि एक कन्नड. मधल्या भागात दवाखाना, पिठाची गिरणी, दोन मंगल कार्यालयं, बसथांबा. रस्त्याचं नाव देत नाही, माणसांची नावंही देत नाही. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. घडलं ते तसंच ठेवलं आहे.

केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन २५ जून २०१५ रोजी सुरू झालं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी आली, त्यात कर्नाटकातून दावणगेरे आणि बेळगाव होतं. मिशनच्या रचनेत केंद्राकडून ५०० कोटी आणि राज्याकडून तेवढेच, असा हजार कोटींचा आराखडा प्रत्येक शहरासाठी होता. काम महापालिकेच्या नेहमीच्या खात्यांतून व्हायचं नव्हतं. राज्य सरकार आणि महापालिका यांची निम्मी निम्मी भागीदारी असलेली स्वतंत्र कंपनी त्यासाठी होती. नागरिकाला याचा परिणाम असा जाणवला की, गटाराचं झाकण मोडलं तर कुणाला सांगायचं हे कळेना. त्यातच महापालिकेची निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये. रस्ते उकरले जात होते त्या काळात वॉर्डातल्या माणसाला हक्कानं गाठायला अधिकारावर आलेला नगरसेवकच नव्हता. रस्त्यावरचे बरेच निर्णय त्या पोकळीत झाले, असं माझं मत आहे.

आमच्या रस्त्याला काँक्रीट मिळालं, दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉकचे फुटपाथ मिळाले, लाल रंगाची सायकलची पट्टी, नवे दिवे, छप्पर असलेला बसथांबा आणि हवेच्या प्रदूषणाचा आकडा दाखवणारा फलक मिळाला. मे २०२४ मध्ये प्रगतीच्या तक्त्यात या कामापुढे ‘पूर्ण’ लिहिलेलं आम्ही वाचलं. त्याच आठवड्यात बाजाराच्या टोकाला बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी फुटपाथवर चढताना पडल्या. मनगट मोडलं.

अडचण काय होती

वाचनालयात संध्याकाळी बसणारी आम्ही सहाजणं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कन्नड शाळेतल्या अक्का. औषध दुकानदार, कॉलेजातली दोन मुलं आणि मी. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते.

मावशींना भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “रस्ता चांगला झालाय बाबा. पर चढूस येत नाही.” आमची सगळी अडचण या दोन वाक्यांत होती. काम झालं होतं, ते खोटं नव्हतं. मग ‘पूर्ण’ झालेल्या कामानं माणसाचं येणं-जाणं सुकर झालं की नाही, हे कुणी आणि कशानं मोजायचं?

सरकारकडे मापं नाहीत असं मुळीच नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला महत्त्व दिलं. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे. तिच्यात निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, व्यापारी भागात २.५ मीटर, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. शहरांची हवामानाच्या अंगानं तपासणी करायला २०१९ पासून केंद्राची निर्देशकांची चौकटही आहे. तिच्यात वाहतूक आणि हवा एका गटात, पाणी वेगळ्या गटात, हिरवाई आणखी वेगळ्या. हे निर्देशक सगळ्या शहराचे असतात. एका रस्त्यावर उभं राहून आपल्या पायाखाली काय आहे ते त्यातून दिसत नाही.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. ‘आधी’ची नोंदच नव्हती. काम सुरू होण्यापूर्वी कुणीही फुटपाथ मोजला नव्हता, झाडं मोजली नव्हती, पावसात पाणी कुठं साचतं ते लिहून ठेवलं नव्हतं. ‘सुधारलं’ म्हणायचं तर कशापेक्षा?

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत मुलांचं म्हणणं होतं, फोटो काढू, व्हिडिओ करू, समाजमाध्यमांवर टाकू. दोन दिवसांत दखल घेतली जाईल. औषध दुकानदारांना वाटत होतं, चार वजनदार माणसं घेऊन थेट साहेबांना भेटावं. कोर्टाचाही विषय निघाला आणि खर्चाच्या आकड्यापाशी थांबला.

आप्पांनी वेगळं सांगितलं. ठेका संपला तरी ठेकेदार लगेच मोकळा होत नाही. दोष-दुरुस्तीची मुदत असते, खात्यात तिला डीएलपी म्हणतात. तेवढ्या काळात निघालेले दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात. “ती तारीख आधी काढा. तारीख टळली की तुमचे फोटो अल्बममध्ये लावायचे.”

पहिला निर्णय इथं झाला. आधी तारीख, मग मोजणी, मग अहवाल. प्रसिद्धी सगळ्यात शेवटी. आजही मला तो क्रम बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय भाषेचा होता आणि त्यावर आम्ही दोन संध्याकाळी भांडलो. अहवाल मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये? दुकानदार तळमळून म्हणाले, गल्ली आपली, माणसं आपली, मग कागद आपल्या भाषेत का नको? त्यांचं चूक नव्हतं. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे संरक्षण कागदावर आहे आणि सीमाभागातली माणसं गेली कित्येक दशकं त्यासाठी झगडत आली आहेत. माझ्या वडिलांनी ग्रामपंचायतीचा कागद न वाचता अंगठा दिलेला मी पाहिला आहे, आणि वडील सातवी शिकलेले होते. हा प्रश्न मला लहान वाटत नाही. पण आप्पांना भीती होती की फुटपाथची उंची बाजूला राहील आणि चर्चा भाषेवर जाईल. शेवटी अक्कांनी तोड काढली. एकाच पानाच्या दोन बाजू, डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, मधल्या रकान्यात आकडे. पडलेल्या मावशी मराठी आणि त्याच फुटपाथवरून उतरून रस्त्यानं चालणारी शाळेची मुलं निम्मी कन्नड, हे त्या कागदात आपोआप दिसत होतं.

प्रत्यक्षात काय केलं

तारखेसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो. म्हणून तीन अर्ज केले : एक मुदतीच्या तारखेचा, एक झाडांच्या परवानगीचा, एक पावसाळी गटाराच्या नकाशाचा. तारखेचं उत्तर तीस दिवसांच्या आत कन्नडमध्ये आलं, अक्कांनी वाचून दाखवलं. मुदत संपायला सात महिने होते. झाडांच्या अर्जावर पहिलं अपील करावं लागलं. नकाशा आला तो इतका पुसट झेरॉक्स की काहीच लागेना.

मोजणीला आम्ही टेप, खडू, छत्री आणि शाळेची वही एवढंच घेतलं. रस्त्याचे पंधरा तुकडे पाडले. फुटपाथ बांधलाय किती रुंद आणि प्रत्यक्ष चालायला मोकळा किती, ही दोन मापं वेगळी घेतली. सगळं यातच होतं. नकाशावर फुटपाथ सगळीकडे पुरेसा होता. पण विजेचा खांब, दिव्याची पेटी, जाहिरातीचा फलक आणि झाडाचं खोड मधोमध आल्यानं एका ठिकाणी मोकळी जागा ७० सेंटिमीटर भरली. आप्पांनी तिथं स्वतः उभं राहून दोन्ही कोपर बाहेर काढले, दोन्हीकडे टेकले. मावशी पडल्या तिथं कडेची उंची २७ सेंटिमीटर होती. जुन्या रस्त्याचा थर न काढता वर काँक्रीट ओतलं की रस्ता उचलला जातो, मग फुटपाथ आणखी उचलावा लागतो. कडेच्या काही दुकानांचे उंबरे तर रस्त्याच्या खाली गेले आहेत.

‘आधी’ची नोंद नव्हती, ती आम्ही लग्नाच्या कॅसेटींतून काढली. कल्पना कॉलेजातल्या मुलीची. या रस्त्यावर दोन मंगल कार्यालयं, म्हणजे वराती इथूनच गेल्या. गणपतीच्या मिरवणुकीचे जुने व्हिडिओ मंडळाकडे होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, दिंडीचे फोटो होते. आठवडाभर घरोघर फिरून गोळा केले. नवरदेवाच्या घोड्यामागे झाडं मोजताना हसू यायचं, पण हाती खात्रीची गोष्ट लागली. कामाआधी रस्त्याच्या त्या पट्ट्यात १९ मोठी झाडं होती. आता १४ आहेत. त्या काळी फुटपाथ जवळपास नव्हताच, तेही दिसलं आणि अहवालात तसं लिहिलं. सुधारणा झाली होती ती लपवली असती तर बाकीच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

सावली मोजायला खडू पुरला. मे महिन्यात दुपारी बाराला फुटपाथवर सावलीची कड आखायची आणि तुकड्या-तुकड्यानं लांबी लिहायची. जिथं झाड गेलं तिथं बाजारातून परतणाऱ्या बायका रस्ता ओलांडून पलीकडे जातात आणि पुढं पुन्हा अलीकडे येतात, म्हणजे सावलीसाठी दोनदा वाहनांतून वाट काढतात. वाहतूक आणि पर्यावरण हे दोन वेगळे रकाने मला तिथं निरर्थक वाटले.

पाण्यासाठी जुलैची वाट पाहिली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगावच्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरलं होतं, तो अनुभव सगळ्यांच्या अंगावर होता. पहिल्या जोराच्या सरीला आम्ही छत्र्या घेऊन बाहेर पडलो. पाणी गटारात घेणाऱ्या जाळ्या रस्त्यापेक्षा दोन बोटं उंच बसल्या होत्या. पाणी जाळीपर्यंत यायचं आणि वळसा घालून दुकानात जायचं.

हवेच्या फलकावर आम्ही फार वेळ घालवला, तो तितका आवश्यक नव्हता. एका मुलानं स्वस्तातलं यंत्र आणलं, त्याचा आणि फलकाचा आकडा जुळेना. नंतर वाचून समजलं की राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक किमान तीन प्रदूषकांवर ठरतो, त्यांत धुळीचे सूक्ष्म कण असावेच लागतात आणि त्यांची चोवीस तासांची सरासरी धरतात. त्या क्षणाचा आकडा म्हणजे निर्देशांक नव्हे. आमची सगळी वाचनं आम्ही अहवालातून काढून टाकली.

बसथांब्याची गोष्ट वेगळी. नव्या छपराखाली कुणी उभं राहत नाही, बस पन्नास पावलं पुढं वडाखाली थांबते. प्रवासी वाढले होते आणि एका तक्त्यात ते नव्या थांब्याचं यश म्हणून आलं होतं. खरं कारण थांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे. कंडक्टर शून्य तिकीट देतो. वडाखाली खानापूरकडच्या एक बाई शून्य तिकिटाची घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवत होत्या. शेजारी चंदगडकडच्या बाई पैसे मोजत होत्या, कारण त्यांचं आधार कार्ड महाराष्ट्राचं. त्यांना अर्धं तिकीट एसटीत, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. दोघींच्या टोपलीत एकच कोथिंबीर. २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे प्रवासी एका ओळीत मांडून थांब्याला श्रेय देता येणार नाही, हे आम्ही स्पष्ट लिहिलं.

झाडांच्या बाबतीत मुलांचा धीर सुटला होता. बुंध्याला चिकटून काँक्रीट, तळहाताएवढीही माती नाही. एका रात्री पहार घेऊन निघाली होती. आप्पांनी गिरणीपाशी अडवलं. सार्वजनिक मालमत्ता फोडलीत म्हणून गुन्हा होईल तो होईल, पण पहारीनं मूळ तुटलं तर ते झाड पुढच्या वळवात आडवं पडेल, म्हणाले. मुलं परतली. बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता, त्याचा उल्लेख आम्ही अहवालात केला.

चुकलेला निर्णय

ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यात एक रकाना होता, ‘अडथळे’. त्या रकान्यात आम्ही खांब लिहिले, पेट्या लिहिल्या, लावलेल्या दुचाकी लिहिल्या आणि भाजीवाल्यांच्या टोपल्याही लिहिल्या. मोजणी तटस्थ असावी म्हणून. मी स्वतः तो रकाना आखला होता.

दहाव्या दिवशी गाडी आली. खांब जागेवर राहिले, पेट्या राहिल्या, दुचाकी तासाभरानं परत आल्या. टोपल्या उचलल्या गेल्या. मावशींचा तराजू गेला, मनगटाला अजून पट्टी होती. त्यांनी मला काही विचारलं नाही. महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, मी समोरून गेले की मेथीची जुडी नीट करत बसायच्या.

हटवायला सगळ्यात सोपं काय असतं हे मला कळायला हवं होतं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि विक्री प्रमाणपत्रं दिल्याशिवाय त्यांना हटवता येत नाही, नगर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावे लागतात. हे आम्ही नंतर वाचलं, रकाना आखण्याआधी वाचायला हवं होतं. मावशी बसतात म्हणून त्या टोकाला संध्याकाळी उजेड आणि वर्दळ असते, क्लासहून परतणाऱ्या मुली त्याच बाजूनं चालतात. आमच्या मोजणीत याला जागाच नव्हती.

आम्ही दुसरा अहवाल केला. ‘अडथळे’ काढून दोन रकाने केले : ‘बसवलेल्या वस्तू’ आणि ‘रस्त्यावरचा रोजगार’. कायद्याची कलमं जोडली. अक्का, मी आणि आणखी दोन भाजीवाल्या मिळून तो द्यायला गेलो. तराजू परत मिळाला, दंड भरून. दंड आम्ही भरला.

निष्पन्न

मुदत संपायला दोन महिने असताना ठेकेदाराची माणसं आली. शाळा, दवाखाना, बाजार आणि बसथांबा अशा चार ठिकाणी फुटपाथची कड उतरती केली. उतार बाराला एक असावा असा नियम आहे. तीन ठिकाणी तो जमला, दवाखान्यासमोर घाईत झाला आणि चाकाची खुर्ची तिथं मागून धरावी लागते. जाळ्या खाली घेतल्या. १४ पैकी ९ झाडांचे बुंधे मोकळे केले, ते काम हातोडी-छिन्नीनं, आप्पा समोर खुर्ची टाकून बसले होते. बस आता अधिकृतपणे वडाखाली थांबते, तिथं पाटी लागली. छप्पर जुन्या जागी रिकामं आहे.

खांब हलले नाहीत. ते दुसऱ्या खात्याचे, खर्च कुणी करायचा ते ठरलं नाही. सायकलच्या लाल पट्टीवर दुचाकी उभ्या असतात, त्यावर आम्हालाही उपाय सापडला नाही. ३१ मार्च २०२५ रोजी मिशनच संपलं. त्यानंतरच्या पहिल्या पावसात दोन जाळ्या पालापाचोळ्यानं तुंबल्या. ज्या झाडांचे बुंधे मोकळे झाले त्यांचाच पाला होता. झाडू मारायला रोज कोण येणार, हा प्रश्न सगळ्या प्रकल्पात कुठंच लिहिलेला नव्हता.

आज करायचं झालं तर

वेगळ्या शहरात, वेगळ्या गल्लीत कुणी असं काही करणार असेल तर दोन-तीन गोष्टी सांगेन. काम सुरू व्हायच्या आधी एक दिवस काढा, टेप घ्या, फोटो काढा, पावसात एकदा फिरा. लग्नाच्या कॅसेटी प्रत्येक रस्त्याला मिळत नाहीत. हवेच्या यंत्रात पैसे घालू नका, त्या वेळात माणसं मोजा. दोष-दुरुस्तीची तारीख पहिल्या आठवड्यात मागा, सात महिने आम्हाला नशिबानं मिळाले. दोन भाषांचा कागद करायला वेळ जास्त जातो, तो द्या. आमच्या कार्यालयीन फेऱ्यांत एकदाही भाषेचा विषय निघाला नाही, आणि मराठी बाजू असलेला तो कागद आज फाइलीत आहे.

आणि रकाने आखताना ज्यांची पोटं त्या रस्त्यावर आहेत त्यांना आधी बोलवा. नंतर माफी मागायला जाण्यात आणि आधी विचारायला जाण्यात काय फरक असतो तो मी मेथीच्या जुडीसमोर उभं राहून शिकले.

पुढची मोजणी जूनमध्ये आहे. मावशी आता नव्या उताराच्या कडेला बसतात, चाकाची खुर्ची आली की टोपली मांडीवर घेतात. परवा वही घेऊन त्यांच्याशेजारी बसले होते. म्हणाल्या, “लिही, सांजच्याला दिवा उशिरा लागतोय.” तो रकाना आमच्याकडे नव्हता. आता आहे.